भांडं जपाल, पण साल कुठून आणाल?

उत्तर अमेरिकेतल्या होडिनोशोनी या मूळ रहिवाशांच्या एखाद्या घरातून पणजीच्या वेळचं झाडाच्या सालीचं भांडं बाहेर निघालं की पुढचा वाद ठरल्यासारखा होतो. एक बाजू म्हणते, हे संग्रहालयात द्या. घरात ते किडेल, तडकेल, नाहीतर कुणीतरी लिलावात काढून मोकळं होईल. दुसरी म्हणते, ही पवित्र वस्तू आहे, परक्याची नजरही पडायला नको, आणि संग्रहालयांत अशी जेवढी भांडी आहेत तेवढी उद्याच्या उद्या परत करा. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत नवे नियम लागू झाले. मूळ रहिवाशांच्या ठरावीक प्रकारच्या वस्तू मांडण्याआधी त्या त्या समाजाची संमती घेणं संग्रहालयांना भाग पडलं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने त्याच महिन्यात ईस्टर्न वुडलँड्सचं अख्खं दालन बंद केलं आणि या वादाला आणखी धार चढली. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात. भांडं कशाचं असतं, कशाला लागतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते घरात चालत आलेल्या अशा भांड्याला संग्रहालयाने वाचवायची गरज नाही आणि बाहेरच्यांनी त्याला देव्हाऱ्यात बसवायचीही नाही. ते ज्या घराचं, ज्या कुळाचं, त्या घरातल्या बायकांनी त्याचं काय करायचं ते ठरवावं. बाकीच्यांना खरंच काही वाचवायचं असेल तर ते दुसरीकडे आहे: ज्याच्या सालीचं हे भांडं होतं त्या एल्मच्या झाडात आणि संग्रहालयांच्या बंद खणांत.

होडिनोशोनी म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका ही पाच राष्ट्रं आणि १७२२च्या सुमारास त्यांना येऊन मिळालेलं सहावं, टस्करोरा. जुन्या पुस्तकांत त्यांना इरोक्वा म्हटलेलं सापडतं. आज त्यांची वस्ती मुख्यतः न्यूयॉर्क राज्यात आणि सीमेपलीकडे ओन्टारिओ, क्युबेकमध्ये आहे. उत्तरेकडच्या अल्गोंक्वियन भाषा बोलणाऱ्यांकडे पांढऱ्या, पातळ सालीचा बर्च होता, म्हणून त्यांची भांडी आणि होड्या बर्चच्या. होडिनोशोनींच्या मुलखात माजलेला असे तो एल्म. लांबघरांच्या, म्हणजे अनेक कुटुंबं एकत्र राहायची त्या लांबलचक घरांच्या, भिंती-छपरं, होड्या, धान्याची पिंपं, मेपलचा रस धरायची पात्रं आणि पीठ मळायची पसरट भांडी, सगळं एल्मच्या सालीचं. आपल्या काथवटीचं जे काम तेच या पसरट भांड्याचं. पांढरा कडक मका चाळलेल्या राखेच्या पाण्यात उकळायचा, टरफलं सुटली की टोपलीत खळखळून धुवायचा, लाकडी उखळात कांडून चाळायचा. मग त्या पिठात शिजवलेला घेवडा आणि उकळतं पाणी घालून सालीच्या भांड्यात मळायचं, जाड चकत्या थापायच्या आणि त्या पुन्हा पाण्यात तासभर उकळायच्या. हे रोजचं काम होतं.

आणि भांडं करायचं कसं? मेच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत झाडात रस चढलेला असतो, तेव्हाच साल काढायची. बुंधा सरळ हवा, गाठी नकोत. खाली-वर दोन आडव्या चिरा, त्यांना जोडणारी एक उभी, आणि लाकडी पाचर सरकवत कडेकडेने साल सोडवत जायची. हंगामात ती अख्खी सुटते. उशीर झाला तर लाकडाला चिकटून बसते आणि ओढली की फाटते. बुंध्याचा पूर्ण घेर सोलला की झाड मरतं, तेव्हा मोठा पट काढायचा तर झाड गेलं हे धरूनच चालायचं. मग बाहेरचा बुचासारखा खडबडीत थर तासायचा, विशेषतः घड्या पडणार तिथे; तिथे तो जाड राहिला तर वळवताना तडा ठरलेला. गुळगुळीत आतली बाजू भांड्याच्या पोटात येते. ताजी साल हातानेच वळते, सुकलेली गरम पाण्यात मऊ करून घ्यावी लागते. टोकं कापत नाहीत, चुण्या घालून वर उचलतात, म्हणजे झिरपायला फटच राहत नाही. काठाला आतून-बाहेरून हिकरीची किंवा ॲशची पातळ पट्टी धरायची आणि टोच्याने भोकं पाडून झाडाच्या अंतर्सालीच्या वाखाने शिवून टाकायची. भोकं एका ओळीत आली की साल त्याच रेषेत उसवते, म्हणून ती जरा खाली-वर पाडायची. शेवटी आकार बांधून, पोटात वजन ठेवून सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर एक बाजू आधी आकसते आणि भांडं वाकडं होतं.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण वादाचा निकाल यातच आहे. एल्म दाराशी असेल आणि हात बसलेला असेल तर हे भांडं फार मोठ्या कष्टाचं काम नाही. ते झिजायचं, काठ उसवायचा, पुन्हा शिवायचा, अगदीच गेलं तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरं करायचं. शतकभर टिकावं म्हणून ते कुणी केलंच नव्हतं. आईकडून मुलीकडे, मामाकडून भाच्याकडे जायची ती रीत: कोणतं झाड, कोणता पंधरवडा, कुठे किती तासायचं. मग ते वारसा म्हणून, कापडात गुंडाळून ठेवायची वस्तू कधी झालं? ज्या दिवशी दुसरं करता येईना त्या दिवशी. वाद तिथून सुरू व्हायला हवा.

दुसरं का करता येईना? १७७९ साली वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनची फौज या मुलखात घुसली. चाळीस गावं जाळल्याचा आणि १,६०,००० बुशेल मका नष्ट केल्याचा हिशेब त्याने स्वतःच्या अहवालात दिला आहे. त्या गावांतली सालीची भांडी त्यात नोंदवलेली नाहीत, कारण ती नोंदवण्यालायक कुणाला वाटली नसणार. पुढे शाळा आल्या. ओन्टारिओतल्या ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट १९७०पर्यंत चालू होती. घरापासून तोडून आणलेल्या मुलांना तिथे इतकी पेज खावी लागे की त्यांनी शाळेचं नावच ‘मश होल’ पाडलं. ज्या वयात मक्याच्या पिठात हात घालायचा त्या वयात ही मुलं रांगेत पेजेची ताटली घेऊन उभी होती. १९६५मध्ये किंझुआ धरण पुरं झालं. १७९४च्या कॅनन्डेग्वा तहाने सेनेकांना दिलेला शब्द मोडून त्यांची सुमारे १०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली आणि सुमारे सहाशे माणसं उठवली गेली. नदीकाठची ओलसर सपाटी ही एल्मची आवडती जागा. आणि एल्मचं म्हणाल तर १९३०च्या सुमारास अमेरिकेत आणि १९४०च्या दशकात कॅनडात ‘डच एल्म’ रोगाची बुरशी पोचली. सालीखाली पोखरणारे भुंगे ती झाडागणिक पसरवतात. मोठी झाडं पटापट वाळली.

आता संग्रहालयवाल्यांचं सगळ्यात बळकट म्हणणं. साल मातीत टिकत नाही. उत्खननात मडक्यांच्या खापऱ्या ढिगाने सापडतात, सालीचं भांडं जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात लुइस हेन्री मॉर्गनसारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी ही भांडी गोळा केली नसती तर त्यांचा आकार, शिवण, काठाची बांधणी आज कुणालाच बघता आली नसती. हे खरं आहे आणि ते नाकारणं हा अडाणीपणा होईल. खुद्द होडिनोशोनी कारागिरांनीही संग्रहालयातली जुनी कामं पाहून हरवलेले दुवे जोडले आहेत. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४१, रोचेस्टरच्या संग्रहालयाचा संचालक आर्थर पार्कर याने संग्रहालयामार्फत सरकारी मजुरीवर सेनेका कारागिरांना कामाला लावलं आणि त्यांनी पाच हजारांहून जास्त वस्तू घडवल्या. जुन्या नमुन्यांवरून केलेल्या, पगारासाठी केलेल्या वस्तू. त्या ‘अस्सल’ की ‘नकली’ असा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा स्वतःलाच विचारावं: बापाकडून शिकलेला सुतार मजुरी घेऊन पाट करतो, तेव्हा तो पाट नकली होतो का?

पण ‘संग्रहालय म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण टिकत नाही. मॉर्गनने न्यूयॉर्क राज्यासाठी १८४९-५०च्या सुमारास टोनावांडा या सेनेका वस्तीतल्या पार्कर कुटुंबाच्या मदतीने जमवलेल्या वस्तू ऑल्बनीच्या राज्य विधानभवनात ठेवल्या होत्या. २९ मार्च १९११च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २०१८मध्ये एका रात्रीत खाक झालं. एका छपराखाली शेकडो घरांची भांडी आणून ठेवली की एका आगीत शेकडो घरांची जातात. ती शंभर घरांत विखुरलेली असताना असं होत नाही. दुसरा धोका आगीपेक्षा लपलेला. कीड लागू नये म्हणून गेल्या शतकात संग्रहालयांनी अशा वस्तूंवर आर्सेनिक, पारा, पुढे डीडीटी मारलं, आणि पुष्कळदा त्याची नोंदही ठेवली नाही. आर्सेनिक उडून जात नाही. असं भांडं उद्या घरी परत आलं आणि कुणी प्रेमाने त्यात पीठ मळलं तर? अमेरिकन कायद्यानुसार वस्तू परत करताना माहीत असलेल्या फवारणीची कल्पना द्यावी लागते; पण नोंदच नसेल तर सांगणार काय? म्हणून परत आलेल्या प्रत्येक भांड्याची आधी विषतपासणी, हातात मोजे, आणि अन्न त्यात कधीच नाही. ज्यांनी जपलं म्हणतात त्यांनीच ते स्वयंपाकातून कायमचं उठवलं, ही यातली गोम.

दुसऱ्या बाजूचं बळकट म्हणणंही तितक्याच सरळपणे मान्य करू. होडिनोशोनींच्या काही वस्तू परक्याच्या हातात किंवा काचेमागे असूच नयेत. मुखवट्यांबद्दल त्यांच्या महासभेने हे स्वच्छ सांगितलं आहे. वाम्पमचे, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांचे, पट्टे म्हणजे करारांची दप्तरं. ती राष्ट्राची, कुणा एका माणसाने विकायची नव्हेतच. १९८८मध्ये अकरा पट्टे ओन्टारिओतल्या ग्रँड रिव्हरच्या होडिनोशोनी वस्तीला परत आले, १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य संग्रहालयाने बारा ओनोन्डागांना दिले. हे लढे न्याय्य होते. पण म्हणून स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू त्याच यादीत घुसवायची का? १९९०च्या अमेरिकन कायद्याने परत करायच्या वस्तूंचे प्रकार ठरवले: मानवी अवशेष, दफनातल्या वस्तू, धर्मविधीच्या वस्तू, आणि एका माणसाला विकता न येणारा सामूहिक ठेवा. रोजच्या पिठाचं, पैसे देऊन विकत घेतलेलं भांडं यांत बसत नाही. मग भांडं परत मिळवायचं तर वकिलाला ते ‘पवित्र’ ठरवावं लागतं. एकदा पवित्र ठरलं की नातीने हात लावायचा की नाही, फोटो काढायचा की नाही, शेजारणीला शिवण दाखवायची की नाही, सगळ्यावर पहारा बसतो. कायद्याच्या चौकटीत बसवण्यासाठी वापरलेला शब्द घरात येऊन वापरच बंद करतो.

अर्थात रेघ कुठे ओढायची हे बाहेरून सांगता येत नाही. हिवाळ्याच्या मध्यातल्या विधीत वाडग्याचा खेळ असतो: पीचच्या सहा बिया, एका बाजूने काळ्या केलेल्या, वाडग्यात घालून वाडगा जमिनीवर आपटायचा आणि पडतील तसे गुण मोजायचे. तो वाडगा बहुधा लाकडाचा, आणि त्याला पिठाच्या भांड्याचे नियम लागत नाहीत. कोणतं भांडं विधीचं आणि कोणतं चुलीपुढचं हे त्या घराला माहीत असतं. एवढंच आपण ऐकून घ्यायचं. आणि चुलीपुढचंही परत करायला पावित्र्याचा दाखला कशाला हवा? स्मिथसोनियनने २०२२मध्ये नैतिक आधारावर वस्तू परत करायचं धोरण स्वीकारलं. कायदा सांगत नाही तिथेही देता येतं. आपल्याकडे वाघनखं २०२४मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली तेव्हा ती खरी की खोटी, उसनी की परत, यावर केवढा धुरळा उडाला. राजांच्या शस्त्रांवर वाद घालायला सगळेच पुढे. भांड्याकुंड्यांवर कुणी घालत नाही. होडिनोशोनींच्या बाबतीतही पट्टे आणि मुखवटे बातमीत येतात, परात कधीच नाही.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि इथे ‘कुटुंबाचा वारसा’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. होडिनोशोनींचं कूळ आईकडून चालतं. लांबघर, शेत, घरातली चीजवस्तू बायकांची; लग्न करून नवरा बायकोच्या घरी यायचा. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी भोजन होतं आणि त्याच्या वस्तू तिथे वाटल्या जातात. वकिलाकडे मृत्युपत्र आणि थोरल्या मुलाकडे चाव्या, असा हा प्रकार नाही. खुद्द आर्थर पार्करचं बघा: बाप सेनेका वंशाचा, आई गोरी, म्हणून जन्माने तो सेनेका ठरत नव्हता, त्याला नंतर दत्तक घ्यावं लागलं. या रीतीवर कॅनडाच्या कायद्याने उलटी पट्टी बसवली. १८७६च्या इंडियन ॲक्टने ओळख बापाकडून धरली; बाहेरच्याशी लग्न करणारी बाई कायद्याने ‘इंडियन’ राहायची नाही, हे थेट १९८५पर्यंत. म्हणजे आजीने आपल्या रीतीप्रमाणे मुलीच्या हाती भांडं दिलं, पण मुलगी आणि तिची लेकरं सरकारदरबारी परकी. आता तेच सरकार किंवा त्याच्या पैशावर चालणारी संस्था विचारणार, खरा वारस कोण? घरात भांडण असेल तर ते कुळातल्या वडीलधाऱ्या बायकांनी मिटवावं, ते मिटवायची जागा त्यांच्याकडे आहे. आणि एखाद्या घराला पैशाची नड लागली, ते विकायचं ठरलं, तर? मला ते आवडणार नाही. पण हक्क त्यांचा असं म्हणायचं आणि तो वापरल्यावर बोंब मारायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

घरात ठेवायचं ठरलं तर ते अवघड मुळीच नाही. जुन्या सालीचा शत्रू म्हणजे हवेतल्या ओलाव्याचे चढउतार: हिवाळ्यात हीटर लागतो, हवा कोरडी होते आणि साल तंतूंच्या दिशेने तडकते. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आणि ती स्थिर, एवढं साधलं की निम्मं काम झालं. म्हणून तळघर नको, माळा नको, शेकोटीवरची फळी तर नकोच. तेल लावू नये, ते धूळ धरतं आणि चिकट होतं. पाणी नाही, मऊ कोरडा ब्रश. कीड दिसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. उचलताना काठाला धरायचं नाही, दोन्ही तळवे बुडाखाली. शिवण आधी जाते. शंभर वर्षांच्या भांड्यात पीठ मळू नये, हे संग्रहालयवाल्यांचं म्हणणं मला पटतं. उकळत्या पाण्याने ते फुगेल आणि सुकताना फाटेल. पीठ नव्या भांड्यात मळावं.

आणि नवं भांडं म्हटलं की गाडी पुन्हा एल्मपाशी येते. एल्म नामशेष झालेला नाही. रानात कोवळी झाडं भरपूर उगवतात, बी धरण्याइतकी वाढतात आणि बुंधा जाड होऊ लागला की भुंगे त्यांना गाठतात. म्हणजे लहान पटाची साल अजून मिळते, पीठ मळायला पुरेल एवढा रुंद, निर्दोष पट मात्र दुर्मिळ. रोगाला तोंड देणाऱ्या काही जाती अमेरिकन संशोधकांनी निवडल्या आहेत, पण त्या मुख्यतः रस्त्याकडेला लावायला. सरळ, उंच, गाठीविना बुंधा हवा तर झाडं दाटीत, रानात वाढवावी लागतात, आणि ते पस्तीस-चाळीस वर्षांचं काम आहे. अक्वेसास्नेच्या मोहॉकांनी हे दुसऱ्या झाडाच्या बाबतीत वेळीच ओळखलं. २००२मध्ये मिशिगनात ॲश पोखरणारा हिरवा भुंगा सापडला, आणि टोपल्यांचा काळा ॲश जाणार हे दिसताच त्यांनी त्याचं बी गोळा करून साठवायला घेतलं. एल्मसाठी एवढी तरी तजवीज कुठल्या संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात आहे? टोरांटोतल्या संस्थांच्या सभा मूळ रहिवाशांच्या ‘एक वाडगा, एक चमचा’ या जुन्या कराराचं स्मरण करून सुरू होतात: सगळ्यांनी एकाच वाडग्यातून खायचं, लागेल तेवढंच घ्यायचं, वाडगा स्वच्छ ठेवायचा, आणि रक्त सांडू नये म्हणून सुरी आणायची नाही. हा करार शिकारीच्या रानाबद्दल होता. तो रोज म्हणणाऱ्यांनी रानाबद्दल बोलावं.

जमीन परत करणं अशक्य नसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या टली व्हॅलीतली हजाराहून जास्त एकर जमीन ओनोन्डागा राष्ट्राकडे परत द्यायचा निर्णय २०२२मध्ये जाहीर झाला. तिथे काय लावायचं ते ओनोन्डागा बघतील. तोवर संग्रहालयांनी करायचं काम साधं आहे आणि त्याला चाळीस वर्षं लागत नाहीत. कारागीर येईल त्या दिवशी खण उघडा. भांडं टेबलावर घेऊन त्याला उलटं करू द्या, कॅलिपरने घडीवरची आणि बुडाची जाडी मोजू द्या, शिवणीच्या भोकांमधलं अंतर आणि वाखाचा पीळ टिपू द्या. विषतपासणीचा कागद आधीच हातात ठेवा, आणि आलेल्या माणसाच्या प्रवासाचा खर्च द्या. त्याने केलेलं नवं भांडं मात्र मागू नका.